माझी मतं जुनी आहेत, पण त्यांना पोलीस नकोत

आधीच सांगून टाकते, मी परंपरावादी बाई आहे. म्हणजे लोक ज्याला नाक मुरडून "जुन्या वळणाची" म्हणतात ना, तीच. लग्न टिकलं पाहिजे असं मला वाटतं, लिव्ह-इन पटत नाही, चातुर्मासात घरात कांदा-लसूण येत नाही, आषाढीला सासरच्या दिंडीबरोबर गुडघे देतील तेवढं चालते. मत कुणाला देते ते सांगत नाही, पण एवढं वाचून अंदाज बांधाल आणि तो फार चुकणार नाही. बँकेत नोकरी केली, युनियनमधल्या लाल झेंड्यावाल्यांशी भांडत भांडतच रिटायर झाले, आणि त्यातल्या दोघी आजही दिवाळीला फराळ घेऊन येतात, चहा पिता पिता देव आहे की नाही यावर वाद घालतात आणि जाताना देवघरासमोर हात न जोडता निघून जातात. मला त्याचं काही वाटत नाही.

वाटतं ते वेगळ्याच गोष्टीचं. आमच्या बाजूची माणसं हल्ली ऊठसूट पोलिसात जायला लागलीयत. कुणी काही बोललं की स्क्रीनशॉट काढ, एफआयआर कर, माफी मागायला लाव, नाक घासायला लाव, त्याचा व्हिडिओ कर. परवा भाच्याने फॅमिली ग्रुपवर एक पत्र टाकलं, अमुक सिनेमावर बंदी घाला, सगळ्यांनी नाव लिहून पुढे पाठवा. मी नाव लिहिलं नाही. तर म्हणे मावशी तू पुरोगामी झालीस का. अरे बाबा, सिनेमा मलाही आवडणार नाहीच बहुतेक, ट्रेलर बघूनच कळतंय, पण म्हणून सरकारला पत्र? तिकीट काढू नकोस की.

आता दुसऱ्या बाजूचंही सांगते, नाहीतर हे लोक खूश होऊन हा लेख शेअर करतील. शनिशिंगणापूरचं आठवतंय? 2015 च्या नोव्हेंबरात एक मुलगी चौथऱ्यावर चढली, मग शुद्धीकरण झालं, मग मोर्चे, आणि पुढच्या एप्रिलात उच्च न्यायालयाने 1956 चा कायदा दाखवून सांगितलं की पुरुषांना जिथे जाता येतं तिथे बायकांना अडवता येणार नाही. 2016 च्या गुढीपाडव्याला देवस्थानाने चौथरा सगळ्यांना खुला केला. झालं ते झालं, कायदा आहे, मान्य. पण त्या दिवसांत मी ऑफिसात एवढंच म्हणाले होते की मला स्वतःला तिथे वर चढावंसं वाटत नाही, खालून नमस्कार केला तर शनिदेव काय ऐकत नाहीत का. तर जेवणाच्या टेबलावर मला पितृसत्तेची गुलाम ठरवून मोकळे! पंढरपूरचं देऊळ दलितांना खुलं व्हावं म्हणून 1947 च्या मे महिन्यात साने गुरुजी उपोषणाला बसले ते शंभर टक्के बरोबर होतं, तिथे माणसाला माणूस मानायचा प्रश्न होता, आणि तोच प्रश्न शिंगणापुरात होता का याबद्दल मला शंका आहे. एवढी शंका काढायची सोय नको का? मला उत्तर द्या, खोडून काढा. पण रोग झालाय अशा नजरेने बघू नका. तशा नजरेने कुणाचं मत बदलल्याचं मी तरी बघितलेलं नाही, लोक गप्प बसतात आणि मतदानाच्या दिवशी बोलतात.

तरी फरक आहे बरं का. जेवणाच्या टेबलावर नावं ठेवली गेली तर वाईट वाटतं, पण डबा बंद करून आपण घरी येतो. रात्री दारात पोलीस आले तर तसं घरी येता येत नाही.

पालघरचं प्रकरण त्याचंच. 2012 चा नोव्हेंबर, बाळासाहेब गेले, मुंबई बंद. एका मुलीने फेसबुकवर लिहिलं की माणसं रोज जातात, त्यासाठी बंद कशाला, साधारण असं काहीतरी, आणि तिच्या मैत्रिणीने ते लाइक केलं. दोघींना अटक! लाइक करणारीला पण! आणि त्यांच्यातल्या एकीच्या काकांचा दवाखाना फोडला गेला. खरं सांगते, ती पोस्ट मला अजिबात आवडली नव्हती, अंत्ययात्रेच्या दिवशी असलं लिहू नये, आमच्याकडे शत्रूच्या दारातही त्या दिवशी आवाज चढवत नाहीत. पण वेळकाळ न कळणं हा गुन्हा आहे का? मग अर्धं गाव आत जाईल, आमच्या घरातले तर तिघे नक्की.

त्या अटकेचंच बघून दिल्लीतल्या एका कायद्याच्या विद्यार्थिनीने कोर्टात याचिका केली आणि 24 मार्च 2015 ला सुप्रीम कोर्टाने माहिती तंत्रज्ञान कायद्याचं 66अ कलम पूर्ण रद्द केलं. त्या कलमात शब्द काय होते बघा, त्रासदायक, गैरसोयीचं, असलं काही पाठवलं तर तीन वर्षांपर्यंत कैद. कोर्टाने साधा हिशोब मांडला, चर्चा वेगळी, एखाद्या मताचा कितीही कडवा प्रचार केला तरी तो वेगळा आणि चिथावणी वेगळी, कायद्याने हात घालायचा तो फक्त चिथावणीला. आता गंमत पुढे आहे. कलम रद्द झाल्यावरही देशभरातली पोलीस ठाणी त्याच कलमाखाली गुन्हे नोंदवत राहिली, सहा वर्षांनी 2021 मध्ये हे कोर्टाच्या कानावर गेलं तेव्हा न्यायाधीशांनाच धक्का बसला. मेलेलं कलम डायरीत जिवंत!

आणि हे कुठल्या एका पक्षाचं नाही हो. पालघर झालं तेव्हा काँग्रेस-राष्ट्रवादीचं सरकार. 2022 च्या मे महिन्यात एका अभिनेत्रीने एका ज्येष्ठ नेत्यावरची टपोरी कविता शेअर केली म्हणून महिन्याहून जास्त तुरुंगात राहिली, तेव्हा महाविकास आघाडी. आणि 2025 च्या मार्चमध्ये एका कॉमेडियनने उपमुख्यमंत्र्यांवर विडंबनाचं गाणं म्हटलं तर खारमधला तो स्टुडिओच कार्यकर्त्यांनी फोडला, आणि लगोलग महापालिकेला तिथल्या बेकायदा बांधकामाची आठवण झाली, तेव्हा महायुती. खुर्चीवर कुणीही बसो, हात तिथेच जातो. त्या अभिनेत्रीच्या वेळी आमचे लोक "अभिव्यक्ती, अभिव्यक्ती" म्हणून घसा बसेपर्यंत ओरडत होते आणि स्टुडिओ फुटला तेव्हा तेच म्हणाले बरं झालं. पलीकडच्यांनी बरोबर उलटं केलं. मी दोन्ही वेळच्या पोस्ट शेजारी शेजारी ठेवून बघितल्या, नावं बदलली की वाक्यं तीच.

हे आजचं नाही. प्रजासत्ताक होऊन चार महिने झाले तेव्हाच हा खेळ झालाय. मुंबईहून निघणारं डाव्यांचं एक साप्ताहिक होतं, क्रॉस रोड्स, त्याला मद्रास सरकारने आपल्या राज्यात यायला बंदी केली. आणि दिल्लीत संघाच्या विचाराचं ऑर्गनायझर, त्याला हुकूम झाला की छापायच्या आधी मजकूर दाखवून न्या. दोघं सुप्रीम कोर्टात गेले आणि 26 मे 1950 ला, एकाच दिवशी, दोघंही जिंकले. लाल आणि भगवं एका पंगतीत. वर्षभरातच नेहरूंच्या सरकारने पहिली घटनादुरुस्ती आणली आणि एकोणिसाव्या कलमात सार्वजनिक सुव्यवस्था वगैरे कारणं वाढवून बोलण्यावरच्या बंधनांना जास्त जागा करून दिली, आणि त्याला संसदेत कडाडून विरोध कुणी केला तर श्यामाप्रसाद मुखर्जींनी. आमच्याकडच्या किती पोरांना हे माहितीय? त्यांना वाटतं अभिव्यक्तिस्वातंत्र्य म्हणजे डाव्यांचं खूळ.

किंवा टिळक घ्या. सामाजिक बाबतीत टिळक आमच्याच बाजूचे, सनातनी म्हणा हवं तर. आगरकर आणि ते एकत्र तुरुंगात होते, 1882 साली कोल्हापूर प्रकरणातल्या बदनामीच्या खटल्यात, डोंगरीला एकशे एक दिवस. बाहेर आल्यावर काही वर्षांत सुधारणेवरून असं बिनसलं की आगरकरांनी केसरी सोडला आणि 1888 मध्ये सुधारक काढलं. दोन पेपर, एक गाव, आणि एकमेकांवर असं लिहायचे की आज तसं लिहिलं तर दोघांवर दहा-दहा ठिकाणी गुन्हे दाखल होतील. पुण्यातल्या सनातन्यांनी तर आगरकर जिवंत असताना त्यांची प्रेतयात्रा काढली. हे हिडीस होतं, आमच्याच लोकांनी केलं होतं, आणि तरी सुधारक निघत राहिलं, आणि लोक दोन्ही पेपर वाचत राहिले. संमतिवयाच्या बिलावर, 1891 ला, मुलीचं वय दहावरून बारा करायचं होतं फक्त, बारा, टिळकांनी विरोध केला, परक्या सरकारने आमच्या घरात कायदा करू नये म्हणून. मला टिळकांबद्दल कितीही आदर असला तरी तिथे ते चुकले असं मी स्पष्ट म्हणते, मुलीच्या जिवाचा प्रश्न असताना सरकार परकं की आपलं हे नंतर बघता आलं असतं. पण मुद्दा दुसराच आहे. या लिखाणासाठी टिळकांना कुणी तुरुंगात घातलं नाही. तुरुंगात घातलं ते 1897 ला आणि मग 1908 ला सहा वर्षं मंडालेला, राजद्रोहाच्या 124अ खाली, केसरीतल्या लेखांसाठी. म्हणजे महाराष्ट्रात परंपरेच्या बाजूने लिहिणारा सगळ्यात मोठा माणूस हाच बोलल्याबद्दल सगळ्यात मोठी शिक्षा भोगून आला. त्याचा फोटो भिंतीवर लावून आपण बंदीची पत्रं लिहितो. ते 124अ आता नव्या संहितेत नाव बदलून 152 झालंय म्हणे, त्यातून राजद्रोह हा शब्द गेलाय, बाकी वकिलांना विचारा.

अश्लीलतेचं थोडक्यात सांगते कारण त्याबद्दल माझं डोकं फार लवकर तापतं. 2025 च्या फेब्रुवारीत यूट्यूबवरच्या एका शोमध्ये आईवडिलांबद्दल जे घाण विचारलं गेलं ते ऐकून मी फोन पालथा ठेवला. किळस आली. पण त्यावर देशभर खटले भरायचे म्हणल्यावर मला र. धों. कर्वे आठवतात. 1927 पासून समाजस्वास्थ्य काढायचे, संततिनियमनावर लिहायचे, आमच्यासारख्या घरांत ते मासिक उघड्यावर ठेवत नसत. अश्लील म्हणून खटले झाले, 1934 च्या खटल्यात तर बाबासाहेब आंबेडकर त्यांचे वकील होते, तरी हरले आणि दंड झाला. आणि 1952 मध्ये याच देशाच्या सरकारने कुटुंबनियोजनाचा कार्यक्रम सुरू केला, पुढे लाल त्रिकोण गावागावात भिंतींवर रंगवला. आता यूट्यूबवाला कर्वे नाही, त्याच्या पासंगालाही पुरणार नाही. पण कलम लावणाऱ्या फौजदाराला हा फरक कळेल यावर माझा भरवसा नाही, तेव्हाही कळला नव्हता.

सगळ्यात जवळचं दुखणं आनंद यादवांचं. 2009, महाबळेश्वरचं साहित्य संमेलन, ते अध्यक्ष म्हणून निवडून आलेले. त्यांच्या तुकोबांवरच्या कादंबरीत तुकोबांच्या तरुणपणाचं जे चित्र होतं त्यावरून वारकरी संतापले. मी ते पुस्तक वाचलंय आणि मलाही ते आवडलेलं नाही, लेखकाला गाव कळलं होतं, शेती कळली होती, भक्ती कळली नव्हती असं माझं मत आहे. त्यांनी माफी मागितली, पुस्तक मागे घेतलं, तरी भागलं नाही, अध्यक्षपद सोडावं लागलं आणि संमेलन अध्यक्षाशिवाय झालं. आमच्या दिंडीतले लोक जिंकल्याच्या आनंदात होते. मला तेव्हापासून एकच सलतंय, आपल्याकडे एवढे कीर्तनकार, एवढे गाथेचे अभ्यासक, ज्यांना चार हजारांवर अभंग पाठ आहेत, त्यांनी गावोगाव उभं राहून त्या कादंबरीचं एक एक पान गाथेतल्या ओळींनी खोडून काढलं असतं तर काय मजा आली असती! लोकांनी हरिनामाबरोबर पुस्तकपरीक्षणही ऐकलं असतं. तुकोबांची बाजू घ्यायला गाथा पुरेशी होती. ज्या गाथेला इंद्रायणी बुडवू शकली नाही तिला एका कादंबरीपासून कसला धोका? "नाठाळाचे माथी हाणू काठी" हे तुकोबाच म्हणालेत असं मला लगेच सुनावतील. म्हणालेत. पण तुकोबांची काठी शब्दांचीच होती, त्यांनी आपल्याला छळणाऱ्या मंबाजीवर कुणाकडे तक्रार केल्याचं माझ्या तरी ऐकण्यात नाही.

तसंच घाशीराम कोतवाल. 1972 ला पुण्यात आलं, नाना फडणवीसांची बदनामी म्हणून गदारोळ, एकोणीस प्रयोगांनंतर संस्थेनेच बंद केलं, मग पोरांनी वेगळी संस्था काढून पुन्हा उभं केलं आणि जगभर नेलं. आमच्या घरात ते नाटक म्हणजे शिवी होती. आणि 1998 ला नथुरामवरच्या नाटकावर बंदी आली, तीही युतीच्या सरकारने घातलेली, तेव्हा आमच्याच घरातले "कलाकाराचं स्वातंत्र्य" म्हणून तावातावाने बोलत होते. वडील गप्प बसून ऐकायचे. मग एकदा त्यांनी हळूच विचारलं, घाशीरामला कुठे गेलं होतं रे हे स्वातंत्र्य. उत्तर आलं नाही, चहा आला.

यवतमाळच्या संमेलनाला 2019 मध्ये लेखिका नयनतारा सहगल यांना उद्घाटनाला बोलावलं आणि नंतर येऊ नका म्हणून कळवलं. त्यांनी पुरस्कार परत केला होता ते मला पटलेलं नव्हतं, आजही नाही. पण घरी बोलावलेल्या म्हातारीला, नव्वदी पार केलेल्या बाईला, येऊ नको म्हणून सांगायचं? हे कुठल्या संस्कारात बसतं? इथे मला संविधानसुद्धा लागत नाही, आजीने शिकवलेलं पुरतं.

बाकी मतांचं म्हणाल तर माझं सगळं एका साच्यातलं नाही. 377 कलमातून सज्ञान माणसांचे आपसातले संबंध 2018 ला बाहेर काढले ते मला योग्य वाटलं, बंद दाराआड दोन मोठी माणसं काय करतात यात पोलिसांचं काय काम. समलिंगी लग्नाचं मात्र संसदेने ठरवावं असं मला वाटतं आणि 2023 ला घटनापीठानेही लग्नाचा मूलभूत हक्क आहे असं म्हटलं नाही. हे मी माझ्या पुतणीच्या मैत्रिणीसमोर बोलले, ती तशी आहे, ती रडली नाही की ओरडली नाही, म्हणाली काकू मग हॉस्पिटलात सही कुणी करायची ते सांगा. मला उत्तर देता आलं नाही आणि माझं मतही बदललं नाही, पण तो प्रश्न अजून डोक्यात आहे. गोवंशहत्याबंदीचंही तसंच, 2015 चा कायदा मला हवा होता. पण दुसऱ्या राज्यातून आणलेलं मांस नुसतं घरात असणं हाच गुन्हा ठरवणारं कलम उच्च न्यायालयाने 2016 ला काढून टाकलं तेव्हा मला हायसं वाटलं. माझ्या स्वयंपाकघरात फौजदार आलेला मला चालणार नाही, मग शेजारणीच्या कसा चालेल.

आता दाभोलकर. हे लिहिताना हात जड होतो. त्यांच्या कित्येक गोष्टी मला खटकायच्या, श्रद्धा आणि अंधश्रद्धेची रेष ते ओढायचे तिथे मी ओढली नसती, जादूटोणाविरोधी कायद्याला वारकऱ्यांचा विरोध होता तेव्हा मी त्या विरोधाच्या बाजूने होते. 20 ऑगस्ट 2013 ला सकाळी फिरायला निघालेल्या माणसाला पुण्यात पुलावर गोळ्या घातल्या. दुसऱ्या दिवशी एक ओळखीचे गृहस्थ म्हणाले, वाईट झालं, पण... मी त्यांना पुढे बोलू दिलं नाही. अकरा वर्षांनी, 2024 च्या मे महिन्यात, दोघांना जन्मठेप झाली आणि तिघे पुराव्याअभावी सुटले. आणि ज्या कायद्याला आम्ही वर्षानुवर्षं अडवलं तो वटहुकूम काढून चार दिवसांत आला. त्यांच्याशी वाद घालायची आमची संधी गोळ्या घालणाऱ्यांनी कायमची हिरावून घेतली. आता काहीही बोललं तरी आम्ही त्या गोळ्यांच्या बाजूचे दिसतो.

भावना दुखावतात हे खोटं नाही. माझ्याही दुखावतात, आठवड्यातून दोनदा तरी, मोबाइल उघडला की. पण किती दुखावल्या म्हणजे गुन्हा, याचं माप कुणाचं धरायचं? 1946 मध्ये नागपूरच्या हायकोर्टाने म्हणून ठेवलंय की बोलण्याचा परिणाम मोजायचा तो समंजस, खंबीर, धीराच्या माणसाच्या मापाने, ज्याला प्रत्येक विरोधात धोकाच दिसतो अशा कच्च्या मनाच्या माणसाच्या मापाने नाही. सुप्रीम कोर्टाने 2025 च्या मार्चमध्ये एका खासदाराच्या कवितेचा गुन्हा रद्द करताना तीच कसोटी परत सांगितली, वर पोलिसांना हेही सांगितलं की तीन ते सात वर्षं शिक्षेच्या अशा तक्रारीत थेट गुन्हा नोंदवण्याआधी चौदा दिवसांत प्राथमिक चौकशी करायची सोय नव्या कायद्यात आहे, ती वापरा. नागपूरचं वाक्य मला फार आवडतं. आमचे पूर्वज स्वतःला खंबीर म्हणवायचे, आणि आम्ही मीमने घायाळ होतो.

माझे सख्खे काका आणीबाणीत येरवड्याला होते, मिसाखाली. शाखेचे स्वयंसेवक. तिथे समाजवादीही होते, जमात-ए-इस्लामीवालेही होते, आणि काका सांगायचे की दिवसभर एकमेकांशी कडाकडा भांडायचो आणि संध्याकाळी पत्ते. मिसा 1971 चा, देशाच्या सुरक्षेसाठी म्हणून आणलेला. चार वर्षांत त्याच कायद्याने काकांसारखा शाळामास्तर आत गेला, ज्याच्याकडे शस्त्र म्हणजे खडू.

म्हणून 2025 च्या जुलैत विधिमंडळाने जनसुरक्षा विधेयक मंजूर केलं तेव्हा मी ते काढून वाचलं. कडव्या डाव्या संघटनांसाठी आहे असं सांगतात. नक्षलवाद्यांबद्दल मला काडीची सहानुभूती नाही, गडचिरोलीत मेलेले पोलीस कुणाची तरी मुलंच होती. पण त्यात बेकायदेशीर कृत्याची व्याख्या आहे तिथे बोललेले शब्द, लिहिलेले शब्द, खुणा, चित्रं असं सगळं येतं. मी सोसायटीत शेजारच्या काकांना म्हणलं, हे जरा रुंद वाटतंय हो. ते म्हणाले, वहिनी, आपल्याला काय करायचंय, आपण काय डावे आहोत का? मी विचारलं तुम्ही वाचलंय का. नाही म्हणाले, वेळ कुठे असतो. प्रिंट काढून त्यांच्या दाराच्या हँडलला पिशवीत अडकवून आले. दोन दिवसांनी पिशवी तशीच परत आली, आत त्यांच्या बागेतली चार लिंबं.